आई येणार आहे आणि गेस्टरूमचं दार उघडत नाही

इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेलं पत्र चार पानी आहे, गाभा एवढाच: ‘सहा आठवड्यांनी आई येतेय. वर्षभर कशातच मन लागत नाही. भांडी चार-चार दिवस सिंकमध्ये, गेस्टरूमचं दार सामानामुळे उघडत नाही. नवरा म्हणतो, एक वीकेंड लावून आवरून टाकू. ते ऐकूनच रडू येतं.’

वीकेंडचा बेत रद्द कर बाई. डिप्रेशनमध्ये अंगातलं त्राण जातंच, पण त्याहून जास्त अडतं ते ठरवण्यापाशी. खोक्यातल्या प्रत्येक वस्तूचा ‘ठेवू की टाकू’ असा निकाल लावायचा असतो. म्हणून तू तासभर जमिनीवर बसतेस आणि उठतेस तेव्हा दह्याचा रिकामा डबा हातात तसाच. हा आळस नव्हे. त्यात आपल्याकडे विमानाच्या २३ किलोत कोंबून आणलेलं काही टाकणं म्हणजे पाप. माझ्याकडे तीन पुरणयंत्रं होती. पुरण मी फूड प्रोसेसरमध्ये वाटते.

घराच्या आधी तुझं बघू. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या समुपदेशनाकडे, स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदलेलं हवं, त्यांची चिठ्ठी लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. आपली माणसं तिथेही ‘तसं बरं चाललंय’ म्हणत शून्य-एकवर खूण करून येतात. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा असतो, त्याचं तर खरंच उत्तर दे. तसे विचार आत्ताच येत असतील तर अर्जाच्या उत्तराची वाट बघू नकोस. एनएचएसच्या १११ ला फोन लाव आणि २ दाब. जिवाला धोका वाटला तर सरळ तातडीच्या मदतीचा ९९९. मराठीतून बोलायचं असेल तर दुभाषा मागता येतो. सासर-माहेरच्या गोष्टी इंग्रजीत सांगताना निम्म्या विरून जातात, म्हणून मी तर मागच म्हणेन. आणि व्हिसावर असलीस तर हेल्थ सरचार्ज, म्हणजे एनएचएस वापरायची फी, बहुधा भरलीच आहेस ना? मग संकोच कसला?

थेरपीला रांग असू शकते, म्हणून जीपीलाही भेट. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांग. शाकाहारी असलीस तर नक्कीच. गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून मनानेच बंद करू नकोस.

आता पसारा. सहा आठवड्यांत फक्त दोनच जागा: सिंक-ओटा आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट. गेस्टरूमला हात लावायचा नाही. आई हॉलमध्ये झोपेल.

हे एकटीने करायचं नाही. तिथल्या मराठी मंडळातली अशी एक मैत्रीण बघ, जी दारातच ‘अगंबाई, हे काय!’ म्हणणार नाही. अशा थोड्याच असतात, पण असतात. तू खुर्चीत बसायचं, तिने एकेक वस्तू वर धरायची. ठेवू, देऊ, नंतर बघू, एवढंच तू बोलायचं. ‘देऊ’ची पिशवी तिने जातानाच चॅरिटी शॉपसाठी (दान आलेल्या वस्तू विकणारं दुकान) न्यायची. माझी आठ महिने डिकीत फिरत होती. तासावर क्लीनर परवडत असेल तर जरूर लाव, पण ती येणार म्हणून आदल्या रात्री आवरत बसू नकोस.

नवऱ्याला एक सांग: तुझ्या माघारी काहीही टाकायचं नाही. विश्वास गेला की पुढचं खोकं उघडणं आणखी जड जातं. आणि त्राण नाही म्हणून नव्हे, तर वस्तू हातातून सोडतानाच जीव कासावीस होत असेल, तर ते थेरपिस्टला वेगळं सांग. हा ‘होर्डिंग’ नावाचा निराळा विकार आहे. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानसूचीत २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्याचे उपचारही थोडे वेगळे असतात.

राहिली आई. तिला विमानतळावरून घरी आणताना गाडीत सांगू नकोस, या रविवारीच फोन कर. ‘आई, मला बरं नाहीये, उपचार सुरू करतेय. घर पसरलंय. तू ये, पण पाहुणी म्हणून नको.’ ती बहुधा विचारेल, ‘तुला कशाची कमी आहे गं?’ रागावू नकोस. ‘थायरॉइड झाला असता तर असं विचारलं असतंस का?’ एवढं म्हण आणि तिला गप्प बसायला वेळ दे.

आणि ती मैत्रीण आली की चहा तिलाच करू दे. साखर कुठे आहे ते खुर्चीतूनच सांग.