व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलण्याआधी काय मोजावे?

प्रश्न : माझ्याकडे १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. हेड गॅस्केट गेल्यामुळे मेकॅनिकने ॲल्युमिनियमचे हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसवलेले असतात) उतरवले असून ते सध्या माझ्या घरीच आहे. ‘हेड निघालेच आहे, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही बदलून घ्या,’ असे तो म्हणतो. त्याने एक जुनी स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून दाखवली, तेव्हा मला उंचीत काहीच फरक दिसला नाही. मग हा खर्च का करावा? आणि करायचाच असेल, तर हे काम घरी जमेल का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु डोळ्यांना दिसलेल्या उंचीवर विसंबू नये. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरत असते तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २,००० वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा त्याला बंद करण्याचे काम स्प्रिंगला करावे लागते. तिचा रेटा कमी पडला, तर चढत्या वेगाला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, सीटवर (तो टेकतो त्या कड्यावर) वेळेत बसत नाही आणि इंजिन मिस होऊ लागते. कार्ब्युरेटर, प्लग, पॉइंट सगळे तपासूनही जो दोष सापडत नाही, तो पुष्कळदा इथे दडलेला असतो.

तेव्हा आधी तपासणी करावी. जुन्या स्प्रिंगांची मोकळी उंची व्हर्निअरने मोजावी. मिलिमीटरभराची घटही रेट्यात उतरते. मग स्प्रिंग सपाट काचेवर उभी करून तिला गुण्या लावावा आणि सावकाश फिरवत पाहावे, म्हणजे ती कलली असल्यास लगेच कळते. रेट्याची तुलना घरीही करता येते. जुनी व नवी स्प्रिंग एका रेषेत, मध्ये सपाट वॉशर ठेवून वाइसमध्ये धरावी आणि वाइस हळूहळू आवळावा. दोघींवर दाब एकच असतो. त्या दाबाखाली जी आखूड झालेली दिसेल, ती कमजोर. मात्र स्प्रिंगा बाहेर उडू नयेत म्हणून आतून एखादा बोल्ट किंवा सळई घालावी आणि डोळ्यांवर चष्मा असू द्यावा. नवी स्प्रिंगच कमजोर निघाल्याचेही मी पाहिले आहे, म्हणून बाजारातून आणलेला संच तपासल्याशिवाय बसवू नये.

उंची व रेटा दोन्ही ठीक निघाले, तरी तारेचा पृष्ठभाग उजेडात फिरवून पाहावा. गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला असेल, तर तिथूनच तडा सुरू होऊन स्प्रिंग तुटते. मुंबईच्या पावसाळ्यात उघडे हेड दोन आठवडे गॅलरीत राहिले, तरी पोलाद गंजू लागते; आपले हेड आजच रॉकेलने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून झाकून ठेवावे. एका स्प्रिंगवरही असा खड्डा दिसला, तर माझ्या मते आठही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. हेड पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपुढे त्यांची किंमत किरकोळ आहे.

आता ज्या मापाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, त्याविषयी लिहितो. भायखळ्याला एका गॅरेजमध्ये मी काम शिकत असताना एका टॅक्सीचे हेड नव्या स्प्रिंगा घालूनही इंजिन मिस होण्याच्या त्याच तक्रारीसाठी तीनदा परत आले होते. अखेर लक्षात आले, की त्या हेडच्या सीट यापूर्वी दोनदा कापल्या गेल्या होत्या. सीट कापली, की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याची दांडी वरच्या बाजूला तेवढी जास्त बाहेर येते आणि स्प्रिंगला बसायला मिळणारी जागा वाढते. नवी कोरी स्प्रिंगही मग सैल बसते. म्हणून व्हॉल्व्ह, वरची टोपी आणि कॉटर (टोपी दांडीला अडकवून ठेवणाऱ्या छोट्या पाचरी) स्प्रिंगशिवाय बसवावेत, टोपी वर ओढून धरावी आणि स्प्रिंगच्या बैठकीपासून टोपीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर आठही ठिकाणी मोजावे. ते दुरुस्ती-पुस्तिकेतील मापापेक्षा ०.८ मिलिमीटर जास्त भरले, तर तेवढ्याच जाडीची चकती स्प्रिंगखाली घालावी. चकत्या अंदाजाने चढवत जाणे मात्र घातक आहे. समजा, बसलेली उंची ३६ मिलिमीटर आणि व्हॉल्व्हची उचल ८ मिलिमीटर आहे; पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगला २८ मिलिमीटर उरतात. सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावर तिची उंची त्याहून किमान एक मिलिमीटर कमी भरली पाहिजे, नाहीतर कॅमचा रेटा व्हॉल्व्हकडे पोहोचवणारा पुशरॉड वाकतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बैठकीची पोलादी वॉशर विसरू नये, अन्यथा स्प्रिंग धातू खात जाते.

प्रत्यक्ष काम घरी निश्चित जमेल. त्यासाठी सी आकाराचा स्प्रिंग कॉम्प्रेसर मात्र हवाच. हेड गोणपाटावर ठेवावे. टोपीवर मोठा सॉकेट टेकवून हातोडीचा एक बेताचा ठोका द्यावा, म्हणजे घट्ट बसलेले कॉटर सुटतात. त्यानंतर कॉम्प्रेसर आवळून ते चुंबकाने उचलावेत. व्हॉल्व्ह ओढून काढण्यापूर्वी दांडीच्या टोकावरून बोट फिरवावे. कडेला धार लागली, तर ती बारीक पॉलिश पेपरने घालवावी, नाहीतर ती गाइडला (दांडी ज्यातून सरकते त्या नळीला) ओरखडा पाडते. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून व्हॉल्व्ह क्रमाने खोचून ठेवावेत, कारण प्रत्येकाची जोडी आपल्याच सीटशी जमलेली असते.

बसवताना एका टोकाला वेढे जवळ जवळ असलेली स्प्रिंग तेच टोक हेडकडे करून ठेवावी. दांडीला तेल लावावे, ऑइल सील असतील तेथे नव्या घालाव्यात आणि कॉटर ग्रीसच्या ठिपक्याने खाचेत चिकटवावेत. शेवटी प्रत्येक दांडीच्या टोकावर लाकडी हातोडीने हलकेच ठोकावे, म्हणजे कॉटर नीट बसल्याची खात्री पटते.

यानंतर हेड उलटे ठेवून प्लग बसवावेत आणि ज्वलनकक्षांत रॉकेल भरून अर्धा तास थांबावे. एखाद्या पोर्टच्या आत ओल दिसली, तर दोष स्प्रिंगचा नसून सीटचा आहे असे समजावे आणि तेवढाच व्हॉल्व्ह पुन्हा काढून ग्राइंडिंग पेस्टने घासून घ्यावा.