‘निवडक नियमन’ की आणखी काही?

नाशिकच्या एका जीवशास्त्राच्या शिक्षिका विचारतात : बारावीच्या टिपणांत ‘जी-प्रथिने पोटॅशियम वाहिन्यांचे निवडक नियमन करतात’ असं लिहिलं, तर ‘निवडक’ चालेल का? (जी-प्रथिने म्हणजे बाहेरचा संदेश पेशीच्या आत पोचवणारी प्रथिने, वाहिन्या म्हणजे पेशीच्या पटलातली आयनांची दारं.) आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत खतांसाठी रुळलेला ‘पालाश’ हा शब्द पोटॅशियमऐवजी का वापरू नये?

मॅडम, ‘निवडक’ काढाच. निवडक म्हणजे निवडून घेतलेलं : निवडक कविता, निवडक पाहुणे. तुम्हाला निवड करणारा सांगायचा आहे. शिवाय या विषयात निवड दोन जागी होते आणि तुमच्या वाक्यात त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली निवड आयनाची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूची. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा, तरी वाहिनी मोठ्याला सोडते आणि लहानाला अडवते! तिच्या अरुंद भागातले ऑक्सिजन अणू पोटॅशियमभोवती अगदी मापात बसतात. सोडियमला तिथे पाण्याचं वेष्टण सोडणं परवडत नाही. ही रचना रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवली. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

दुसरी निवड संदेशाची. मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सुटतं, हृदयपेशीवरच्या एम-२ ग्राहीला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, जी-प्रथिनाच्या बीटा आणि गॅमा या भागांची जोडी मोकळी होते आणि थेट वाहिनीला भिडून ती उघडते. पोटॅशियम बाहेर पडतं, ठोके मंदावतात. जोडीचं हे काम १९८७ मध्ये उजेडात आलं. अ‍ॅड्रेनलीनच्या बीटा ग्राहींमुळेही अशीच जोडी मोकळी होते, पण ही वाहिनी तिला फारशी दाद देत नाही. म्हणजे निवड एकट्या प्रथिनाची नाही. जोडी कोणत्या ग्राहीपाशी सुटली, याला महत्त्व आहे.

म्हणून विशेषण शोधत बसू नका, आपल्याकडे ‘च’ आहे. ‘वाहिनी पोटॅशियमलाच वाट देते’ ही पहिली निवड. ‘ठरावीक ग्राहींच्याच संदेशाने वाहिनी उघडते’ ही दुसरी. ‘च’ची जागा बदलली की निवड कशाची, ते आपोआप कळतं. मला हा मराठीचा फार मोठा गुण वाटतो.

‘नियमन’ मात्र ठेवा. ‘नियंत्रण’ म्हटलं की लगाम घालणं डोळ्यांपुढे येतं, इथे तर प्रथिन दार उघडतंय.

आता पालाश. शब्द सुंदर आहे, पण खताच्या हिशेबात तो पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजतात. बागायतदार ज्या खताला ‘झिरो झिरो फिफ्टी’ म्हणतात, त्यात पालाश ५० टक्के मोजला, तरी पोटॅशियम हे मूलद्रव्य भरतं खताच्या सुमारे ४१.५ टक्के. पेशीबद्दल लिहिताना पोटॅशियमच लिहा. वर्गात बागायतदारांची मुलं असतील, तर पालाशशी त्याचं नातं तोंडी जरूर सांगा.