फायरफॉक्सची जुनी आवृत्ती टाकली तर बुकमार्क आणि पासवर्ड जातील का?

आपोआप जात नाहीत. घाईत काही केलं तर मात्र जाऊ शकतात. नव्या अपडेटनंतर त्रास होतोय म्हणून मागे जायचंय, असं तुम्ही लिहिलंय. विंडोज आहे असं धरून सांगतोय.

तुमचा सगळा डेटा प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये असतो, प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नाही. त्यामुळे फायरफॉक्स काढून पुन्हा टाकला तरी त्याला धक्का लागत नाही. अडचण वेगळीच आहे. नवी आवृत्ती त्या फोल्डरमधल्या डेटाबेसची रचना जागच्या जागी बदलते आणि ती रचना जुन्या आवृत्तीला कळेलच असं नाही. म्हणूनच २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून जुना फायरफॉक्स नवं प्रोफाइल उघडायलाच नकार देतो. 'नवीन प्रोफाइल बनवा' किंवा 'बाहेर पडा' एवढंच विचारतो.

आधी नव्या आवृत्तीतूनच डेटा बाहेर काढा. कंट्रोल+शिफ्ट+ओ दाबा, 'इम्पोर्ट अँड बॅकअप'मध्ये 'बॅकअप' निवडा आणि तयार होणारी बुकमार्कची जेसन फाइल जपून ठेवा. पासवर्डच्या पानावरच्या तीन टिंबांतून सीएसव्ही (साध्या मजकुराची यादी) एक्स्पोर्ट करा. ही फाइल कुणालाही वाचता येते, काम झालं की लगेच पुसा. पासवर्डच्या दोन फाइली नुसत्या कॉपी करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण १४४ व्या आवृत्तीत त्यांचं एन्क्रिप्शन बदललं आहे. तिथून मागे येताना त्यावर विसंबू नका.

मग हेल्पमधल्या 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइल फोल्डर उघडा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. बंद करणं महत्त्वाचं, कारण चालू असताना ताजे बदल 'वॉल' शेपटीच्या वेगळ्या फाइलीत असतात. एकच फाइल उचलली तर ते हुकतात.

जुनी आवृत्ती मोझिलाच्या अधिकृत अर्काइव्हमधूनच घ्या. उघडल्यावर नवीन प्रोफाइल बनवू द्या (वेगळ्या फोल्डरात टाकली असेल तर ती न विचारताच बनवते आणि सगळं रिकामं दिसतं, घाबरू नका, जुनं प्रोफाइल बाजूला शाबूत असतं). सेटिंगमध्ये आपोआप अपडेट लगेच बंद करा, नाहीतर ती परत नवी होऊन बसेल. मग जेसन रिस्टोअर करा. रिस्टोअर आधीचे बुकमार्क पुसून त्यांच्या जागी हे ठेवतं, त्यामुळे नवे बुकमार्क जोडण्याआधीच हे उरका.

मोझिला अकाउंटचं सिंक चालू असेल तर नव्या प्रोफाइलमध्ये लॉगिन करणं सगळ्यात सोपं.

फायरफॉक्स सुरू करण्याच्या कमांडला 'अलाउ-डाउनग्रेड' (मागे जाऊ द्या) हा स्विच, म्हणजे जादा पर्याय, जोडून तेच प्रोफाइल जबरदस्तीने उघडताही येतं. एक-दोन आवृत्त्यांचाच फरक असेल तर बहुधा चालून जातं. तरी कॉपी हाताशी नसताना करू नका. आणि नेहमीच्या आवृत्तीवरून आकड्याने मागे असलेल्या ईएसआरवर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर) जाणं हेही डाउनग्रेडच धरलं जातं.