तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : 800 डॉलर उसने घेऊन उभी राहिलेली मोटाऊन

या महिन्यात गाण्यांच्या कंपन्यांवरच इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतो. सगळ्या पत्रांत एकच नाव फिरून राहिलं, मोटाऊन या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीचा (अशा कंपनीलाच लेबल म्हणतात) मालक बेरी गॉर्डी.

दादा, माझा मुलगा कॉलेज करता करता मित्रांसोबत गाण्याचं लेबल काढतो म्हणते. घरात रोज त्या बेरी गॉर्डीचं नाव घेते आणि पैसे मागते. कोण आहे हा माणूस, आणि पैसे द्यावे का? – एक आई, मानेवाडा

ताई, आधी माणूस सांगतो. बेरी गॉर्डीचा जन्म 28 नोव्हेंबर 1929 चा, अमेरिकेतल्या डेट्रॉईटचा, आठ भावंडांतला सातवा. आईवडील दक्षिणेतल्या जॉर्जियातून तिथं आले होते, काळ्या लोकांना तिकडे धड जगू देत नव्हते तो काळ, आणि वडिलांनी प्लास्टरची कामं, किराणा दुकान, छापखाना असं सगळं करून घर उभं केलं. मुलगा मात्र शाळा सोडून बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरला. मग सैन्यात भरती झाली, कोरियाला जाऊन आला, परत येऊन 1953 मध्ये रेकॉर्डचं दुकान टाकलं. त्याला जॅझ आवडायचं म्हणून दुकानात जॅझच भरलं आणि गल्लीतले कामगार येऊन ब्लूज मागायचे, दोनेक वर्षांत दुकान बुडालं. मग फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात लागला, आठवड्याला 86 डॉलरच्या आसपास पगार, आणि गाड्या समोरून सरकत असताना हा मनात चाली बांधायचा.

तिथून बाहेर पडला तो गाणी लिहायला. जॅकी विल्सन या गायकासाठी लिहिलेली गाणी गाजली पण हातात काही पडेना, आणि त्याचा गायक मित्र स्मोकी रॉबिन्सनच्या ग्रुपचं एक रेकॉर्ड त्यानं दुसऱ्या कंपनीला दिलं तर त्याच्या रॉयल्टीचा चेक आला 3 डॉलर 19 सेंटचा! स्मोकीच त्याला म्हणाला की असंच असेल तर स्वतःची कंपनी काढ ना.

आता पैशाचं. गॉर्डी घराण्याचा एक सामाईक फंड होता, सगळे भावंडं त्यात पैसे टाकायचे आणि कोणाला उचल हवी असेल तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं. 12 जानेवारी 1959 ला त्यातून त्याला 800 डॉलर मिळाले, तेही सरळ नाही, बहीण एस्थरनं खोदून खोदून प्रश्न विचारले आणि कर्ज म्हणून कागदावर सही घेतली, मगच दिले. म्हणून ताई, पैसे द्यायचे तर असेच द्या. मुलाला बसवा, कितीचा माइक, कितीचं मिक्सिंग, पहिलं गाणं कोणाचं आणि परत कधी देणार, हे त्याच्या हातानं लिहून घ्या. हिशोब लिहून आणला नाही तर देऊ नका, आणि आणला तर विश्वास ठेवा. हां, आणि कॉलेज सोडायला लावू नका, गॉर्डीनंसुद्धा सैन्यातून परीक्षा देऊन शाळा पूर्ण केली होती.

मोटाऊनला हिट गाण्यांची फॅक्टरी म्हणतात. म्हणजे नेमकं काय करत होते? – कीबोर्ड वाजवणारा वाचक, सीताबर्डी

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, थोडं लांबेल.

2648, वेस्ट ग्रँड बुलेवार्ड. फोटो स्टुडिओ असलेलं साधं घर 1959 मध्ये घेतलं, बाहेर पाटी लावली 'हिट्सव्हिल यू.एस.ए.', वर राहायचं, खाली ऑफिस आणि मागच्या भागात रेकॉर्डिंग. दिवसाचे 22 तास स्टुडिओ चालायचा. कारखान्यातली कल्पना त्यानं इथं आणली, एका दारातून गल्लीतलं पोरगं आत येईल आणि दुसऱ्या दारातून स्टार बाहेर पडेल. लिहिणारे वेगळे, वाजवणारे ठरलेले, नाचाच्या स्टेप बसवायला चॉली अ‍ॅटकिन्स, कसं चालायचं बसायचं बोलायचं ते शिकवायला मॅक्सीन पॉवेल. सुप्रीम्स नावाच्या तीन पोरी डेट्रॉईटच्याच, 1964 ते 1969 मध्ये त्यांची 12 गाणी अमेरिकेत एक नंबरवर गेली.

पण खरी गोष्ट शुक्रवार सकाळच्या मीटिंगची आहे. क्वालिटी कंट्रोल म्हणायचे, हा शब्दही कारखान्यातलाच. आठवडाभरात झालेली गाणी तिथं वाजवायची, उशिरा आला त्याला आत घ्यायचे नाही, आणि मग मतदान. गॉर्डी विचारायचा की खिशात शेवटचा डॉलर आहे आणि भूक लागली आहे, तर हे रेकॉर्ड घेशील की सँडविच? आपल्याकडे तर्री पोहे म्हणा. आणि गाणं महागड्या स्पीकरवर ऐकून खूश व्हायचं नाही, कारच्या रेडिओसारख्या बारक्या स्पीकरवर वाजवून बघायचं, कारण पोरं ते कारमध्येच ऐकणार होती.

एकदा तर गाणं बाजारात गेल्यावरही त्याला चैन पडेना. स्मोकीच्या ग्रुपचं 1960 चं 'शॉप अराउंड', डेट्रॉईटमध्ये वाजायलाही लागलं होतं, तर यानं रात्री 3 वाजता स्मोकीला फोन करून सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं, लय वाढवून पुन्हा केलं. पियानोवाला आला नाही तर स्वतः पियानोवर बसला. तेच दुसरं रेकॉर्डिंग कंपनीचं दहा लाखावर खपलेलं पहिलं गाणं ठरलं.

आणि चुकायचे नाही का? जोरात चुकायचे. मोटाऊनचा गायक मार्विन गे यानं गायलेलं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन' या मीटिंगमध्ये नाकारलं गेलं. पुढं ते अल्बममध्ये टाकलं, रेडिओवाले तेच वाजवू लागले, मग 1968 मध्ये सिंगल काढावं लागलं आणि ते सात आठवडे एक नंबरवर बसलं. मार्विनच्याच 'व्हॉट्स गोइंग ऑन'लाही गॉर्डीचा विरोधच होता. तरी मला ती मीटिंगच मोटाऊनचं मर्म वाटते, कारण मित्रमित्र मिळून गाणी करतात तिथं 'भारी झालं बे' म्हणणारे दहा असतात आणि 'नाही जमलं' म्हणणारा एकही नसतो. गॉर्डीनं 'नाही' म्हणणाऱ्यांना पगार देऊन खुर्ची दिली होती.

मोटाऊननं मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणं काढली होती हे खरं का? – भीमगीतं गाणारा तरुण, इंदोरा

खरं आहे. 23 जून 1963 ला डेट्रॉईटमध्ये लाखावर लोकांचा मोर्चा निघाला, तिथल्या भाषणात किंग आपल्या स्वप्नाबद्दल बोलले, वॉशिंग्टनच्या त्या प्रसिद्ध भाषणाच्या दोन महिने आधी. गॉर्डीच्या कंपनीनं ते रेकॉर्ड करून एलपी काढली. पुढं 1970 मध्ये ब्लॅक फोरम नावाचं वेगळं लेबल फक्त अशा भाषणांसाठी, कवितांसाठी काढलं आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या किंगांच्या भाषणाला ग्रॅमी हा अमेरिकेतला मोठा संगीत पुरस्कार मिळाला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या बाजूला गाण्यांच्या कॅसेट आणि सीडी रचलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे काम किती मोलाचं ते सांगायची गरज नाही. तुम्ही गाता ते नीट रेकॉर्ड करून ठेवा, मोबाईलवर का होईना, तारीख आणि गाव टाकून.

कंपनी आता कोणाकडे आहे? – वाचक, सदर

1972 मध्ये मोटाऊन लॉस एंजेलिसला गेली. 1988 मध्ये गॉर्डीनं ती 6 कोटी 10 लाख डॉलरला विकली, आता ती युनिव्हर्सल या बड्या म्युझिक कंपनीकडे आहे. डेट्रॉईटच्या घराचं 1985 मध्ये म्युझियम झालं, ते त्याच प्रश्न विचारणाऱ्या एस्थरताईंनी उभं केलं. पण एक लक्षात घ्या, लेबल विकताना त्यानं गाण्यांच्या शब्दांचे आणि चालींचे हक्क (प्रकाशनाचे हक्क) सांभाळणारी जोबेट ही कंपनी स्वतःकडे ठेवली आणि 1997 मध्ये तिचा नुसता अर्धा हिस्सा 13 कोटी 20 लाख डॉलरला गेला. अख्ख्या लेबलच्या दुपटीहून जास्त!

गॉर्डीनं कलाकारांचे पैसे बुडवले असंही वाचलं. आम्ही चौघं लेबल काढून राहिलो, आमच्याकडून तसं होऊ नये तर काय करावं? – वाचक, महाल

भांडणं पुष्कळ झाली. हॉलंड-डोझियर-हॉलंड हे त्याचे सगळ्यात मोठे गीतकार-संगीतकार पैशावरूनच कंपनी सोडून गेले आणि कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. मला जास्त लागतं ते वाजवणाऱ्यांचं. फंक ब्रदर्स म्हणून तो ताफा, बास गिटारवर जेम्स जेमरसन, ड्रमवर बेनी बेंजामिन, जग ज्या तालावर नाचलं तो यांचा, आणि 1971 पर्यंत अल्बमवर यांची नावंच नाहीत. कंपनी लॉस एंजेलिसला गेली तेव्हा यातले बरेच जण मागं राहून गेले. आपल्याकडे वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो, ते नाव कोणी काढू म्हटलं तरी निघत नाही. ढोलकीवाल्याला अशी सोय नाही, त्याचं नाव तुम्हालाच लिहावं लागेल.

तर यूट्यूबवर टाकताना खालच्या माहितीत गीतकार, संगीतकार, गायक आणि प्रत्येक वाजवणारा लिहा. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली, त्यानं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करून घेऊनही काढून घेता येत नाही, म्हणून 'सर्व हक्क कायमचे आमचे' असा नेटवरून उचललेला नमुना वापरू नका. त्यांना आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायला सांगा. करार मराठीत करा, गायकाला घरी नेऊन वाचायला आठवडाभर द्या, दर तीन महिन्यांनी यूट्यूबचा हिशोब स्क्रीनशॉटसकट चौघांच्या नाही, सगळ्यांच्या ग्रुपवर टाका, आणि सही झालेली एक प्रत ढोलकीवाल्याकडेही द्या.