आम्ल जास्त घातक की आम्लारी?

प्रश्न असा आहे: "मुलाला शिकवताना अडलो. आम्ल जास्त घातक की आम्लारी? दोन्ही मिसळली की उदासीन होतात, मग अंगावर एक सांडलं तर वर दुसरं ओतावं का?"

ओतू नका. कधीच नाही. पाणी, फक्त पाणी, आणि भरपूर वेळ.

रबाळे एमआयडीसीत मी बरीच वर्षं ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करणारा प्लांट, सांभाळला. त्याआधी तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होतो. तिथे एकदा हेल्पर पोरगा कॉस्टिक सोड्याचे, म्हणजे जहाल आम्लारीचे, फ्लेक्स पाण्यात सोडत होता. विरघळताना पाणी किती तापतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धी गोणी एकदम ओतली, पाणी उसळलं ते थेट डोळ्यात. गॉगल कपाळावर. मी त्याला मानगुटीला धरून नळाखाली नेला, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि धार सोडली. "दादा, सोडा ना, कमी झालंय आता," म्हणून तो रडत होता. मी सोडला नाही. तेवढ्यात शिफ्ट इन्चार्ज आले, बी.एस्सी. केमिस्ट्री. म्हणाले, "अ‍ॅसिड थोडंच आहे? कॉस्टिक तर आहे! लॅबमधून पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणा, न्यूट्रल करून टाकू." मी ती बाटली जवळ येऊ दिली नाही. अर्धा तास नळ, मग टेम्पोत घालून वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. नजर वाचली, बुबुळाच्या कडेला पांढुरका डाग राहिला. साहेबांनी अहवालात लिहिलं, ऑपरेटरने प्रथमोपचाराला उशीर लावला. मी आयटीआयवाला, माझं कोण ऐकणार!

तर "कॉस्टिक तर आहे" याचं उत्तर. बहुतेक आम्लं डोळ्यातली प्रथिनं गोठवतात, आणि त्या गोठलेल्या थरामुळे पुढचं आम्ल आत शिरताना अडतं. कॉस्टिक मेदाचा साबण करतं, म्हणून ते हाताला बुळबुळीत लागतं, आणि ते आत आत जात राहतं. आग सुरुवातीला कमी वाटू शकते, तिथेच माणूस फसतो.

आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, हे पोरं पाठ करतात. त्यात उष्णताही बाहेर पडते, ती डोळ्यात कुठे जाणार? आणि आत कॉस्टिक किती गेलंय ते ठाऊक नसताना अ‍ॅसिड घालणार किती? ईटीपीच्या टाकीत सामू (pH, आम्ल-आम्लारीचं माप) ५.५ ते ९ मध्ये आणायलासुद्धा मी थोडं घालून, ढवळून, पुन्हा मोजायचो.

मुलाला सांगा, सामूच्या पट्टीवर १ म्हणजे जहाल आणि १४ म्हणजे गरीब, असं नसतं. मध्ये ७, तिथून दोन्ही बाजूंना दर पायरीला दहापट. टपरीवरच्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. चुन्याची पुडी दाबताना ती फुटून पोरांचे डोळे गेलेत.

साहेब अजून त्याच पट्ट्यात कुठे असतील तर त्यांनी हे वाचावं. उशीर नळामुळे झाला नाही, बाटली शोधण्यात झाला असता.

आम्ल सौम्य आहे एवढ्यावरही जाऊ नका. हायड्रोफ्लुओरिक आम्ल पुस्तकात सौम्य म्हणून मोडतं, पण ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. तिथे धुतल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि ताबडतोब डॉक्टर. आणि कोरडा चुना किंवा फ्लेक्स कातडीवर पडले तर आधी झटकायचे, मग पाणी.