सांगलीत पॅरोल ऑफिसरच्या मुलाखतीची तयारी कशी करू?
आपल्याकडे त्याच्या सर्वात जवळचं पद म्हणजे महिला व बाल विकास विभागातला परिवीक्षा अधिकारी. पॅरोलवर कैदी शिक्षा चालू असताना काही दिवस बाहेर येतो. परिवीक्षेत न्यायालय तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडतं. हा फरक पक्का करा. 1958चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आणि 2015चा बाल न्याय अधिनियम वाचाच. बालकाचा सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत द्यायचा असतो, तो एकदा स्वतः लिहून बघा: घरी कोण, शाळा का सुटली, शेजारी काय सांगतात. माझ्या मते खरी तयारी हीच. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीबद्दलही बोलता आलं पाहिजे. तिथं कैदी कुटुंबासह राहून शेती करतात, आणि ही जागा आपल्याच जिल्ह्यातली आहे.