मुलगी फॅन फिक्शन लिहिते, खाते बंद करावे का?

प्रश्न : आमची चौदा वर्षांची मुलगी एका कोरियन बँडमधील गायकांवर इंग्रजीत कथा लिहून वॉटपॅड या कथालेखनाच्या संकेतस्थळावर टाकते. माझ्या नणंदेने तिच्या नकळत एक प्रकरण वाचले आणि ‘हा प्रकार घाणेरडा असतो, खाते आजच बंद कर’ असे बजावले. तेव्हापासून मुलीने अबोला धरला आहे. आम्ही काय करावे? – एक आई, मिसिसागा (कॅनडा)

उत्तर : आपल्या नणंदबाईंची काळजी निराधार नाही, परंतु फॅन फिक्शनच्या, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर किंवा कलावंतांवर रचलेल्या कथांच्या, काही प्रकारांची बदनामी निरनिराळ्या कारणांनी झालेली आहे आणि ती सर्व कारणे एकाच मापाने मोजणे मुलीवर अन्याय करणारे ठरेल.

मुलीच्या कथेत बहुधा एखादी साधी शाळकरी मुलगी प्रसिद्ध गायकाच्या आयुष्यात येत असेल. अशा कथांची टिंगल जुनी आहे. पॉला स्मिथ यांनी १९७३ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांच्या नियतकालिकात एक छोटे विडंबन लिहिले, त्यातील लेफ्टनंट मेरी स्यू अवघी साडेपंधरा वर्षांची, सर्व कामांत निपुण आणि सर्वांची लाडकी. विडंबन अचूक होते, पण पुढे कोणत्याही कर्तबगार स्त्रीपात्राला हिणवण्यासाठी तेच नाव वापरले जाऊ लागले, आणि अजिंक्य, सर्वगुणसंपन्न पुरुष नायक मात्र सहसा त्यातून सुटले. चौदाव्या वर्षी मुलगी स्वतःलाच नायिका करून लिहिते, कारण तिला आतून ठाऊक असलेले माणूस तेवढेच असते. असे लेखन कच्चे असेल. त्याला घाणेरडे म्हणण्याचे कारण नाही.

दोन पुरुष पात्रांमधील प्रेमाच्या कथाही १९७०च्या दशकापासून बदनाम आहेत. त्या बदनामीत समलिंगी प्रेमाविषयीच्या नावडीचा वाटा मोठा आहे, आणि जिथे असे विवाह २००५ पासून देशभर कायदेशीर आहेत, त्या कॅनडात वाढणाऱ्या मुलीला ती नावड आपण शिकवू नये, असे मला मनापासून वाटते.

उघड लैंगिक वर्णनांचा प्रश्न मात्र खरा आहे. फॅनफिक्शन डॉट नेट या संकेतस्थळाने २००२ मध्ये केवळ प्रौढांसाठीचे लेखन बंद केले. २००९ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संकेतस्थळाने ते राहू दिले, पण प्रत्येक कथेच्या माथ्यावर तिची वाचकवयानुसार श्रेणी आणि हिंसा, बलात्कार यांसारख्या विषयांची सूचना देण्याची व्यवस्था केली. याच संकेतस्थळाला २०१९ मध्ये विज्ञानकथा-साहित्यातील ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे ‘एक्स्प्लिसिट’ (उघड लैंगिक वर्णनांच्या) श्रेणीची कथा उघडताना आधी इशारा येतो, पण पुढे जाण्यासाठी एक बटण दाबले की पुरते. वय कोणी तपासत नाही. म्हणून मुलीबरोबर बसून कथेच्या माथ्यावरची ही माहिती कशी वाचायची ते तिच्याकडूनच समजून घ्यावे, आणि कोणत्या श्रेणीपर्यंत वाचायचे हे दोघींनी मिळून ठरवावे.

माझा खरा आक्षेप जिवंत माणसांवरील कथांना आहे. कर्ण आणि द्रौपदीवरच्या कादंबऱ्यांचा दाखला देऊन फॅन फिक्शनचे समर्थन केले जाते, पण तो दाखला इथे लागू पडत नाही; गायकाला स्वतःचे घर आहे, आईवडील आहेत आणि आपल्याविषयी काय लिहिले जाते हे तो स्वतः वाचू शकतो. वॉटपॅडवरच २०१३ मध्ये वन डायरेक्शन या बँडच्या गायकावर लिहिली गेलेली एक कथा नंतर नावे बदलून छापील कादंबरी झाली आणि तिच्यावर चित्रपटही निघाला. नावे बदलण्याचा तो मार्ग आपल्या मुलीलाही सुचवून पाहावा. ती तयार नसेल, तर निदान शरीरसंबंध, आजारपण आणि त्या गायकाचे कुटुंबीय यांविषयी लिहू नये आणि कथा त्याच्या समाजमाध्यमावरील खात्यावर पाठवू नये, एवढे तिच्याकडून कबूल करून घ्यावे.

खाते बंद करू नये. तसे केल्यास ती आपल्याला ठाऊक नसलेल्या नावाने दुसरे उघडेल, आणि तिच्या कथांखाली कोणती अनोळखी माणसे काय लिहितात, हे विचारण्याची सोयही उरणार नाही. मुलीशी बोलण्यापूर्वी, तिच्या नकळत तिचे लेखन वाचले गेले याबद्दल आपण तिची माफी मागावी, नणंदबाईंनाही तसे करण्यास सांगावे, आणि मग कोणती कथा आईला दाखवायची हे तिलाच निवडू द्यावे.